गांजाचं झाड ‘सेंद्रिय’ असलं तरी गुन्हा तोच. मुळशीत राखणदारानेही सावध राहायला हवं

शेणखत, जीवामृत घालून गांजा कसा वाढवायचा, याचे व्हिडिओ सध्या मोबाईलवर सहज दिसतात. बघायला हरकत नाही. पण खत कुठलं घातलं, हे कायदा विचारत नाही.

एनडीपीएस कायदा १९८५ चा. कलम २० प्रमाणे गांजाच्या झाडाची लागवड केली तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. जवळ सापडलेल्या गांजाला १ किलो, २० किलो असे टप्पे आहेत. लागवडीला तसा टप्पाच नाही. दोन झाडं असोत की दोन गुंठे, कलम तेच.

मुळशीत खरा प्रश्न वेगळा आहे. जमीन पुण्या-मुंबईच्या पार्टीने घेतलेली, बंगला तिचा, आणि किल्ली गावातल्या पोराकडे. मालकाने कुंडीतलं रोप आणून कुंपणाच्या आत जमिनीत लावलं, ‘पाणी घाल रे’ म्हणाला, तर? कलम २५ नुसार जागेचा ताबा किंवा वापर ज्याच्याकडे आहे, त्याने माहीत असून असं होऊ दिलं तर तोही आरोपी. शेत खंडाने दिलंय म्हणून मूळ मालकानेही निवांत राहू नये. आपल्या जमिनीत अशी झाडं आहेत हे कळल्यावर लगेच पोलिसांना सांगणं कलम ४६ प्रमाणे बंधनकारक आहे. सरपंच आणि गावकामगारांवर कलम ४७ ने तीच जबाबदारी टाकली आहे.

‘उत्तराखंडात चालतं, मग इथे का नाही?’ असं पारावर विचारतात. तिथे २०१८ पासून परवाना मिळतो, पण तो धागा आणि बियांसाठी, नशेचा अंश नगण्य असलेल्या हेम्पचा. राज्य सरकारने परवानगी दिल्याशिवाय तेही लावता येत नाही. २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावायला परवानगी मागितली होती. कुठल्याच पिकाला भाव नाही, हे त्याचं कारण. परवानगी मिळाली नाही. भावाचा प्रश्न मात्र खोटा नव्हता, तो इंद्रायणी विकणाऱ्यालाही ठाऊक आहे.

एक गोंधळ मात्र टाळा. भाजीच्या अंबाडीचं पान गांजासारखंच पंजाच्या आकाराचं असतं. भात लावणीआधी गाडायचा ताग इंग्रजीत ‘सन हेम्प’ म्हणून ओळखला जातो. दोन्ही बिनधास्त लावा. ऑनलाइन बी मागवताना मात्र पिशवीवर नुसतं ‘हेम्प’ लिहिलं असेल, तर आधी कृषी सहायकाला दाखवा.