संध्याकाळी शाळेला कुलूप कशाला?



कारखाना परिसरात माध्यमिक शाळा काढायची म्हटली की चर्चा होते ती खोल्या किती आणि वर पत्रा की स्लॅब, याची. ती इमारत दिवसाकाठी किती तास उघडी राहणार, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून इंग्लंडमधील इम्पिंग्टन गावच्या शाळेची हकीकत आपणांपुढे ठेवीत आहे.

केंब्रिजशायर हा शेतीप्रधान जिल्हा. १९२२ साली हेन्री मॉरिस तेथे शिक्षणाधिकारी झाले. त्या काळी खेड्यातली माणसं शहराकडे चालली होती. खेडं टिकवायचं तर शाळा नुसत्या पोरांची ठेवून भागणार नाही, हे मॉरिस यांनी ओळखलं. १९२४ साली त्यांनी योजना मांडली : आसपासच्या गावांना मिळून एक माध्यमिक शाळा, आणि तिच्याच आवारात मोठ्या माणसांसाठी वाचनालय, सभागृह व संध्याकाळचे वर्ग. नाव दिलं ‘व्हिलेज कॉलेज’. पहिलं सॉस्टन येथे १९३० साली निघालं, इम्पिंग्टनचं १९३९ साली.

इम्पिंग्टनला जागा दिली ती शेजारच्या हिस्टन गावच्या चिव्हर्स घराण्यानं. त्यांचा जॅमचा कारखाना. म्हणजे आपल्यासारखाच शेतमालावर चालणारा धंदा. आराखडा वॉल्टर ग्रोपियस आणि मॅक्सवेल फ्राय यांचा. हेच फ्राय पुढे आपल्या चंदीगडच्या उभारणीत होते.

इमारतीची रचना पाहा. एका अंगाला मुलांचे वर्ग, मोठ्या खिडक्यांचे, बागेकडे उघडणारे. दुसऱ्या अंगाला मोठ्यांचा भाग : वाचन, खेळ, व्याख्यानं यांसाठी. मधला रुंद व्हरांडा आणि सभागृह दोघांचं. दिवसा पोरं, संध्याकाळी त्यांचे आईबाप. ही शाळा आजही चालू आहे.

कुणी म्हणेल, ‘त्यांच्याकडे पैसा होता, आपल्याकडे कुठं आहे?’ पण सरकारी पैसा तेव्हा तिथेही पुरत नव्हता. मॉरिस यांना देणग्यांसाठी दारोदार फिरावं लागलं.

आपल्याकडे इमारती तर उभ्या आहेत. पण पाच वाजले की कुलूप. पुस्तकांचं कपाट उघडतं ते तपासणीच्या दिवशी. ज्यांच्या उसाच्या बिलातून कपात होऊन या भिंती उठल्या, ते सभासद संध्याकाळी पारावर बसतात, आणि त्यांच्या बायकांना तर बसायला पारही नाही.

नासधूस होईल, राजकारण शिरेल, ही भीती खोटी नाही. त्यासाठी मुख्याध्यापक, दोन सभासद व दोन महिला यांची समिती नेमावी. सुरुवातीला एकच खोली, रात्री नऊपर्यंत. आठवड्यातून एक दिवस माती परीक्षण व खोडव्याची माहिती, एक दिवस महिलांचा वर्ग. खर्च काय तो विजेचा आणि एका शिपायाचा.

येत्या वार्षिक सभेत हा विषय मांडावा, ही नम्र विनंती. गाळपाचे आणि भावाचे प्रश्न विचारतोच आपण. एक प्रश्न शाळेच्या किल्लीचाही विचारू या.