रीलमधला कायदा नक्की कुठला?

तलाक, खुला, मेहेर... हे शब्द तुमच्या फीडवर येतात ना? कुणी मुफ्तीसाहेब मिनिटभरात निकाल देतात, कुणी वकील गाडीत बसून समजावते. घरी हा विषय निघत नाही, काझीसाहेबांना विचारायला संकोच वाटतो. मग मोबाइल बरा. त्यात गैर काही नाही. फक्त एक बघा, समोरचा माणूस कुठल्या देशाचा कायदा सांगतोय?

भाषा कळते म्हणून पाकिस्तानातले व्हिडिओ आपल्याकडेही बघितले जातात. त्यात निकाहनाम्याच्या १८व्या रकान्याची चर्चा असते. नवऱ्याने बायकोला तलाकचा अधिकार दिलाय का, हे तिथे लिहायचं असतं. मालेगावच्या किंवा मिरजेच्या मुलीने आपल्या निकाहनाम्यात तो रकाना शोधला, तर कदाचित मिळणारच नाही. भारतात सगळ्यांसाठी ठरलेला एकच छापील निकाहनामा नाही. पण तशी अट लिहून घेता येते! तिला तफवीज म्हणतात आणि आपल्या कोर्टांनीही ती मानली आहे. रील इथवर येतच नाही. ‘आपल्याकडे नसतं’ असं समजून ती मुलगी सही करून मोकळी होते.

दुसरीकडे ‘तीनदा म्हटलं की संपलं’ असं छातीठोक सांगणारेही आहेत. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये हा एका दमातला तलाक रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्यानुसार तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाईला स्वतःला कोर्टातून सुटका हवी असेल, तर १९३९ चा कायदा आहे. नवऱ्याने दोन वर्षं खर्चाला पैसे दिले नाहीत, चार वर्षं त्याचा पत्ताच नाही, ही त्यातली कारणं. एवढा जुना कायदा, पण माझ्या फीडवर तरी तो कधी आला नाही. (भांडणाच्या क्लिप मात्र रोज येतात.)

तेव्हा निकाहनामा पहिल्यांदा मांडवात बघू नका. आठ दिवस आधी कोरा फॉर्म मागून घ्या. मेहेर किती, लगेच की नंतर, अटी कुठे लिहायच्या, सगळं वाचा. मुलांनो, तुम्हीपण, तफवीजला तुमची संमती लागते. अडलंच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे महिलांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.