शब्दांचे कूळ आणि शब्दांचा मान

इंग्रजीतील सॅक्सन कुळीचे शब्द साधे, जिव्हाळ्याचे आणि प्रामाणिक. लॅटिन-फ्रेंच कुळीचे मात्र भारदस्त, कोरडे आणि बहुधा फसवे, असा एक समज दृढमूल झालेला आहे. विल्यम बार्न्स या डॉर्सेटच्या कवीने १८७८ साली 'ग्रामर'ऐवजी 'स्पीच-क्राफ्ट' या देशी शब्दाचा पुरस्कार केला. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात लॅटिन-ग्रीक शब्दांच्या हव्यासावर कोरडे ओढले. राजकीय लबाडी उघडी पाडण्याचा त्याचा हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु त्या निबंधाच्या शीर्षकातील 'पॉलिटिक्स' ग्रीक मुळाचा आणि 'लँग्वेज' फ्रेंच मुळाचा आहे, ही गोष्ट त्याच्या अनुयायांच्या ध्यानात राहत नाही.

या समजात तथ्यांश आहे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर दरबार आणि न्यायासन फ्रेंच बोलू लागले. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत विद्वानांनी लॅटिन-ग्रीक शब्दांची मोठी भर घातली. त्यामुळे 'आस्क', 'क्वेश्चन' आणि 'इंटरॉगेट' अशी उतरंड तयार झाली. जर्मन भाषा 'फ्रागेन' याच धातूला उपसर्ग जोडून 'बेफ्रागेन' आणि 'आउसफ्रागेन' घडवते. दाताला 'त्सान' म्हणणारा जर्मन दातांच्या वैद्याला 'त्सानआर्ट्‌स्ट' म्हणतो, डच माणूस 'टांडआर्ट्स' म्हणतो. इंग्रजी मुलाला मात्र 'टूथ'वरून 'डेंटिस्ट'पर्यंत पोहोचण्यास कोणतीही वाट दिसत नाही.

तथापि, यावरून देशी शब्द तो साधा आणि परका तो औपचारिक, असा सिद्धान्त काढणे चुकीचे आहे. जर्मनमध्ये घोड्याला रोजच्या बोलण्यात 'फेर्ड' म्हणतात. हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधून आला. अस्सल जर्मानिक 'रोस' मात्र काव्याच्या उच्चासनावर बसला आहे. रस्त्यावरचा वाहतुकीचा दिवा लोकांच्या तोंडी 'आंपेल' आहे, आणि त्याचे मूळ लॅटिन. सरकारी कागदावरील 'लिख्टत्साइखेनआनलागे' हा अवजड समास मात्र सर्वस्वी देशी मुळांचा! पत्त्यासाठी फ्रेंच 'आड्रेसे' घरगुती, तर देशी 'आनश्रिफ्ट' कचेरीतला. स्वीडिशमध्ये 'बेताला' म्हणजे पैसे देणे. हा खालच्या जर्मनमधून आलेला शब्द तेथे कोणास उपरा वाटत नाही. खुद्द इंग्रजीतही 'फेस', 'टेबल', 'व्हेरी' हे फ्रेंचमार्गे आलेले शब्द लहान मूल वापरते, आणि 'फो', 'बिहोल्ड' हे सॅक्सन शब्द पोथीत राहतात.

हे केवळ अपवाद आहेत, असे म्हणून सुटका होणार नाही. शब्दाला मान मिळतो तो जन्माने नव्हे, वावराने. जो शब्द दरबारात, धर्मपीठावर आणि कचेरीत राहतो तो प्रतिष्ठित होतो. जो स्वयंपाकघरात आणि बाजारात फिरतो तो घरचा होतो. इंग्लंडात सत्तेची आणि विद्येची भाषा दीर्घकाळ परकीच राहिली, म्हणून तेथे कूळ आणि मान यांची गाठ पडली. तो इतिहासाचा योग आहे, भाषेचा नियम नव्हे.

हा वाद केवळ व्युत्पत्तीच्या हौसेचा नाही. डेव्हिड कॉर्सन या अभ्यासकाने १९८५ साली दाखवून दिले की, ग्रीक-लॅटिन शब्दांचा थर हा श्रमिक घरांतील मुलांच्या शिक्षणात अडसर ठरतो. त्या मुलांना 'सॅक्सन शब्दच लिहा' असा उपदेश करणे म्हणजे अडसर तसाच ठेवून दारापासून दूर राहण्यास सांगणे होय. ईटनच्या शाळेत लॅटिन शिकलेल्या ऑर्वेलला साधेपणाची निवड करता आली, कारण दुसरा पर्याय त्याच्या हाती होता. ज्याच्या हाती तो पर्याय नाही, त्याचा साधेपणा ही निवड नसते, नाइलाज असतो. अशा मुलाला 'डेंटिस्ट'मधला दात उकलून दाखविणे हे भाषाशिक्षकाचे खरे काम आहे. शब्दांची कुळी तपासून त्यांना पंक्तीत बसविणे वा उठविणे हे नव्हे.