उपनगरांतील कुनामे

ग्रीक भाषेतील 'वाईट' आणि 'नाव' ह्या अर्थांचे दोन शब्द जोडून शास्त्रज्ञांनी 'कॅकोनिम' अशी एक संज्ञा बनविली आहे. चुकीने निवडलेले किंवा वेडेवाकडे घडविलेले नाव, असा तिचा अर्थ. मराठीत तिला 'दुर्नाम' म्हणावे असे सहज मनात येते. परंतु अमरकोशात 'दुर्नामक' हा मूळव्याधीचा पर्याय म्हणून आधीच नोंदलेला असल्यामुळे तो मोह आवरून आम्ही 'कुनाम' हा शब्द योजतो. बसल्या जागी छळणे, एवढे साम्य मात्र दोहोंत आहेच.

ह्या कुनामांचे पीक सध्या आमच्या उपनगरांत जोमाने आले आहे. वर्सोवा ते घाटकोपर ही मेट्रोची पहिली मार्गिका जून 2014 मध्ये सुरू झाली. तिच्या एका स्थानकाचे नाव 'वेस्टर्न एक्सप्रेस हायवे' असे ठेवले गेले. हा महामार्ग माहीमच्या खाडीपासून दहिसरच्या नाक्यापर्यंत सुमारे 25 किलोमीटर पसरलेला आहे. पंचवीस किलोमीटरच्या रस्त्याचे नाव एका ठिकाणाला देणे म्हणजे गोदाकाठच्या एखाद्या घाटाला नुसते 'गोदावरी' म्हणण्यासारखे होय! पुढे त्याच महामार्गावरून सातवी मार्गिका धावू लागली. हाच न्याय तिला लावला असता, तर तिच्या बहुतेक स्थानकांना एकच नाव द्यावे लागले असते. सुदैवाने तसे घडले नाही. जानेवारी 2023 मध्ये त्याच चौकात उघडलेल्या नव्या स्थानकाला 'गुंदवली' हे तेथील जुन्या गावाचे नाव मिळाले. ही दोन स्थानके पादचारी पुलाने जोडलेली आहेत. सुनाम व कुनाम ह्यांतील भेद ज्यास पाहावयाचा असेल, त्याने तो पूल एकदा चालून जावा.

दुसरे उदाहरण 'आरे'चे. सातव्या मार्गिकेवर महामार्गालगत 'आरे' नावाचे स्थानक 2022 पासून आहे. असे असता ऑक्टोबर 2024 मध्ये तिसऱ्या मार्गिकेच्या टोकाला, अगदी निराळ्या जागी, 'आरे जेव्हीएलआर' अवतरले. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याची ही इंग्रजी आद्याक्षरे देवनागरीत लिहिल्याने काय साधले? ज्याला ती ठाऊक नाहीत त्याला बोध नाही, आणि ज्याला नुसते 'आरे' ठाऊक आहे त्याची फसगत मात्र निश्चित.

येथे कोणी म्हणेल की, 'नाव रुळले म्हणजे झाले. त्याच्या व्युत्पत्तीची चिकित्सा कशाला?' वनस्पतिशास्त्राचा नियमही वरवर ह्याच पक्षाचा दिसतो. नाव गैरलागू किंवा अप्रिय आहे, एवढ्याच कारणास्तव ते टाकून देता येत नाही, असे त्या शास्त्राच्या संहितेत म्हटले आहे. म्हणूनच भूमध्यसमुद्राच्या काठी उगवणारी एक वनस्पती आजही 'पेरूची' हे बिरुद मिरविते. पण त्या नियमाचा हेतू रूढ व्यवहार मोडू नये एवढाच आहे. नवे नाव ठेवणाऱ्याच्या आळसाला तो अभय देत नाही. जुन्या नावांची मोडतोड करावी असे आमचेही म्हणणे नाही. आमचा वाद बारशापूर्वीचा आहे.

आमचा रोष इंग्रजीवर आहे, असाही कोणी ग्रह करून घेऊ नये. परकी नावेही मराठीने पचविली आहेत. कसोटी भाषेची आहे आणि ती सोपी आहे: नावाला प्रत्यय लावून पाहावा. 'गुंदवलीला उतरलो', 'मोगऱ्याला चढलो', 'मागाठाण्याला भेटू', ही वाक्ये जिभेवर सहज बसतात आणि ठिकाणही सांगतात. 'वेस्टर्न एक्सप्रेस हायवेला उतरलो' असे म्हणणारा गृहस्थ स्थानकात उतरला की भर रस्त्यात, हे त्याच्या घरच्यांना विचारावेच लागते!

शिवाय, नाव हा गावाचा दस्तऐवज असतो. आकुर्ली, एक्सर, कांदरपाडा, वळनई ह्या गावांची शेते कधीच इमारतींखाली गेली. त्यांची ओळख उरली ती नावात. एक्सरच्या वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे, मागाठाण्याला बौद्ध लेणी आहेत. मंडपेश्वराच्या लेण्याचे नाव परक्या जिभांवर झिजून 'माउंट पॉयसर' झाले होते; आज ते स्थानकाच्या पाटीवर मूळ रूपात वाचावयास मिळते. परकीयांनी ते अज्ञानाने बिघडविले. आम्ही मात्र गावाचे नाव माहीत असून ते बाजूला सारतो, आणि 'लोअर मालाड', 'लोअर ओशिवरा' अशी धेडगुजरी नावे नकाशावर चढवितो. ह्या 'लोअर'चे 'अप्पर' कोठे आहे, ते कोणी दाखवावे!

घाटकोपर-मुलुंडच्या बाजूस चौथी मार्गिका उभी राहत आहे; पुढेही स्थानके, चौक, पूल होतच राहतील. नाव ठरविणाऱ्यांनी त्यापूर्वी तीनच गोष्टी कराव्यात: तेथील महसुली गावाचे नाव पाहावे, गावठाणातील वृद्धांना विचारावे, आणि तेच नाव अन्यत्र दिलेले नाही ना, ह्याची खात्री करावी. कोट्यवधी रुपयांच्या कामात ह्यासाठी एक दुपार पुरे आहे. ती न दिल्यास पुढच्या पिढ्यांना ते कुनाम रोज दोन वेळा, जाताना आणि येताना, उच्चारावे लागेल.