कचरा टाकीतच आहे

गाळप हंगामात वालचंदनगरहून निमसाखरमार्गे निरवांगीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या, की काळ्या मातीचा धुरळा दिवसभर खाली बसत नाही. अशा रस्त्यावर जुनी फियाट आचके देत थांबली, तर फिटर बॉनेट उघडण्याआधीच सांगतो, "कचरा आलाय." निदान बहुतेक वेळा बरोबर असते. उपचार मात्र अर्धाच होतो. कार्बोरेटर खोलला जातो, जेटला फुंकर बसते, गाडी सुरू होते आणि आठवड्याभरात पुन्हा त्याच जागी येते. जेटमध्ये कचरा अडकतो. तो येतो टाकीतून.

मोटारीच्या पहिल्या जमान्यातल्या ड्रायव्हरला हे पक्के ठाऊक होते. तेव्हा पेट्रोल दोन गॅलनच्या, म्हणजे सुमारे नऊ लिटरच्या डब्यांतून मिळे. डब्याचा गंज, डाखाचे कण, झाकणाभोवतीची माती हे सगळे टाकीत जायला टपलेले. म्हणून नरसाळ्यात तारेची जाळी आणि तिच्यावर शॅमॉयचे मऊ कातडे असे. पेट्रोलने भिजलेले हे कातडे पेट्रोल सोडते, पाणी अडवते. त्यात एक धोकाही होता. कातड्यातून पेट्रोल गाळताना स्थिर वीज साठते आणि ठिणगी पडू शकते. त्यामुळे नरसाळ्याचा धातू टाकीच्या धातूला टेकवून धरायचा, हा नियम. आजही कोणी कातडे वापरत असेल, तर तो मोडू नये.

१९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये टाकी पुढच्या सीटखाली होती आणि पेट्रोल नुसत्या उतारावर कार्बोरेटरकडे वाहत येई. टाकीच्या तळाशी गाळ बसायला वाटी आणि तो सोडायला कॉक होता. अशा गाडीला आज बाजारातला कागदी फिल्टर जोडणे चूक आहे. उताराचा दाब एवढा कमी, की कागद प्रवाहच रोखून धरतो. तिथे बारीक जाळी आणि गाळाची वाटीच हवी. पंप असलेल्या फियाट-पद्मिनीत कागदी फिल्टर चालतो, पण तो टाकी आणि पंप यांच्या मधे बसवावा. म्हणजे पंपाचे व्हॉल्व्हही वाचतात.

जेटबाबत एक आग्रह. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो; ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटरचे भोक. पितळेच्या त्या भोकात तार घातली, की जेट कायमचा बिघडला. हवाच मारावी.

इंदापूर-बारामतीच्या फिटरपुढे आता नवी अडचण आहे, ती इथेनॉलची. वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगरला साखर कारखाना उभारला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सही काढली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडल्या. आज उसापासून बनणारे इथेनॉल त्याच गाड्यांच्या टाकीत शिरले आहे. २०२५ मध्ये देशातल्या पेट्रोलमधले त्याचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले. शेतकऱ्याच्या उसाला त्यातून आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, हे चांगलेच झाले. जुन्या टाकीला मात्र ते सोसत नाही. इथेनॉल वर्षानुवर्षांचा चिकट थर सोडवते, हवेतली ओल ओढते; ओल वाढली की पाणी मिसळलेले इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते आणि पत्रा गंजवते. जुन्या रबरी नळ्याही फुगतात, त्यांचे कण सुटतात. फार जुन्या कार्बोरेटरांत तर बुचाचा फ्लोट लाखेने लेपलेला असे. लाख स्पिरिटमध्ये, म्हणजे इथेनॉलमध्येच, विरघळते, हे पॉलिश करणाऱ्या प्रत्येक सुताराला माहीत आहे. लेप गेला, की फ्लोट पेट्रोल पितो, जड होतो आणि कार्बोरेटर वाहू लागतो.

तेव्हा उभी राहिलेली जुनी गाडी दुरुस्तीला आली, की आधी टाकी उतरवावी, गाळ काढून ती धुवावी, नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात आणि मगच कार्बोरेटरला हात लावावा. टाकीला डाख किंवा वेल्डिंग करायचे असेल, तर आतली वाफ पूर्ण काढल्याशिवाय ज्योत जवळ नेऊ नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते.

या हंगामात ज्यांनी टाक्या धुतल्या, त्यांनी गाळात गंज किती, रबर किती आणि कोणती नळी किती महिने टिकली, एवढे लिहून मासिकाकडे पाठवावे. पुढच्या अंकात ते छापले जाईल.