खुर्ची रिकामी होण्यापूर्वी



बँकेतून निवृत्त झाल्यावर काही वर्षे एका धर्मादाय रुग्णालयाचा खजिनदार म्हणून काम करण्याचा योग आला. पन्नास खाटांचे ते रुग्णालय समाजाच्या देणग्यांतून उभे राहिले होते. पहिल्याच बैठकीत मी एक नियम संमत करून घेतला : पाच हजार रुपयांवरील कोणत्याही खरेदीस खजिनदाराची सही आवश्यक. हिशेब चोख झाले. सर्वांनी कौतुक केले आणि मलाही ते आवडले.

रुग्णालयाचा सारा कारभार एका ज्येष्ठ व्यवस्थापकांच्या हाती होता. माणूस निःस्पृह, अहोरात्र राबणारा. त्याच सुमारास काळ झपाट्याने बदलत होता. विमा कंपन्यांची कॅशलेस सेवा आली, सरकारी आरोग्य योजना आल्या, कागदपत्रे संगणकावर गेली. हे सारे व्यवस्थापकांनी एकट्याने शिकून घेतले. दुसऱ्या कोणाला शिकवायला ना त्यांना सवड होती, ना आम्ही विश्वस्तांनी कधी तसा आग्रह धरला.

एके सकाळी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. संगणकाचे पासवर्ड त्यांच्या डायरीत होते आणि डायरीतले अक्षर त्यांनाच लागत असे. विम्याचे दावे अडकले, पगार लांबले. मी तेव्हा शिखरजीच्या यात्रेत होतो आणि फोन बंद ठेवला होता. डायलिसिसचे साहित्य संपत आले होते, पण खरेदी पाच हजारांवरची. दोन दिवस रुग्णांना दुसऱ्या गावी पाठवावे लागले. ज्यांना आठवड्यातून दोन-तीन वेळा ही प्रक्रिया करावी लागते, त्यांच्यासाठी तो प्रवास काय असतो, हे ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना सांगायला नको.

परत आल्यावर मेट्रनबाईंना मी जरा चढ्या आवाजात विचारले, “तुम्ही काही तरी मार्ग का काढला नाही?” त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेब, काय आणायचे ते मला माहीत होते. आणण्याचा अधिकार मला नव्हता.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. कारण बँकेत मी नेमके याच्या उलट शिकलो होतो. शाखा व्यवस्थापक रजेवर गेला की पुढचा अधिकारी प्रभारी होतो. त्या दिवसांत सही त्याची, निर्णय त्याचा आणि जबाबदारीही त्याची. अशाच दिवसांतून उद्याचा व्यवस्थापक घडतो. तिजोरीच्या किल्ल्याही दोघांकडे असतात. पैशांच्या बाबतीत जी दक्षता मी आयुष्यभर पाळली, ती माणसे घडविण्याच्या बाबतीत मला सुचली नाही.

या संदर्भात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. डॉ. जी. वेंकटस्वामी सरकारी सेवेतून 58 व्या वर्षी निवृत्त झाले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झालेली होती. 1976 मध्ये त्यांनी अवघ्या 11 खाटांनिशी कामाला आरंभ केला. त्यांनी खेड्यांतील मुलींना प्रशिक्षण देऊन नेत्रतपासणीची आणि शस्त्रक्रियेच्या पूर्वतयारीची कामे त्यांच्याकडे सोपविली. त्यामुळे शल्यचिकित्सकाचा वेळ शस्त्रक्रियेसाठीच राहिला. पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कृत्रिम भिंग बसविण्याची पद्धत आली. परदेशी भिंगे गरिबांना परवडणारी नव्हती, म्हणून 1992 मध्ये संस्थेने ‘ऑरोलॅब’ उभारून ती स्वतःच बनवायला सुरुवात केली. 2006 मध्ये डॉक्टर निवर्तले. नंतर डॉ. पी. नम्पेरुमालसामी आणि त्यांच्यामागून डॉ. आर. डी. रवींद्रन यांनी अध्यक्षपद सांभाळले. बदल येत गेले आणि ते पेलणारी माणसे आत तयार होती.

आपल्याकडे तर नेतृत्वाची गरज थेट चौकशीच्या खिडकीपासून आहे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळी ठेवायची असते. विश्वस्तांना हे पाठ असते. पण रात्री दहा वाजता दारात आलेल्या गरीब माणसाला विश्वस्त भेटत नाहीत, खिडकीतला कर्मचारी भेटतो. त्याला नियम ठाऊक नसेल आणि दाखल करून घेण्याचा अधिकारही नसेल, तर आपल्या दानाला अर्थ काय?

त्या प्रसंगानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. प्रत्येक विभागप्रमुखाला खर्चाची लेखी मर्यादा दिली. सही त्यांची आणि महिनाअखेर तपासणी माझी. प्रत्येक प्रमुखाने वर्षातून पंधरा दिवस सक्तीची रजा घ्यायची आणि त्या काळात दुय्यम सहकाऱ्याने पूर्ण अधिकाराने काम पाहायचे. प्रशिक्षणाचा खर्च अंदाजपत्रकात औषधांच्या शेजारी मांडला. मेट्रनबाईंना रुग्णालय प्रशासनाच्या अभ्यासक्रमास पाठविले. चुका झाल्या. एकदा हातमोजे गरजेच्या दुप्पट आले. पण डायलिसिस पुन्हा थांबले नाही.

व्यापारी घराण्यांना हे नवे नाही. मुलाला गादीवर बसवायचे, तर आधी त्याला माल पारखू द्यावा लागतो, एखादा तोटाही सोसावा लागतो. तेच औदार्य आपण संस्थेतील पगारी माणसांना मात्र दाखवीत नाही. देणगी सहज देतो, सही देत नाही.

1955 मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतलेल्या आचार्य शांतिसागर महाराजांनी देह ठेवण्यापूर्वी आपले आचार्यपद शिष्य वीरसागर महाराजांना दिले. ज्यांनी सर्वस्वाचा त्याग केला होता, त्यांनी संघाची चिंता मात्र वाऱ्यावर सोडली नाही. अपरिग्रह केवळ धनाचा नसतो, पदाचाही असतो.

आपल्यापैकी अनेक जण कुठल्या ना कुठल्या रुग्णालयाचे विश्वस्त आहेत. पुढच्या बैठकीत ताळेबंद मंजूर करण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : उद्या सकाळी आपले प्रमुख आले नाहीत, तर सही कोण करील? उत्तरादाखल एखादे नाव पुढे आले, तर त्या व्यक्तीला तो अधिकार आजच लेखी द्यावा.