खाडा लावायलाही मस्टर लागतं

कामगार आळशी आहे हे सिद्ध करायला मालक लोक आकडे काढतात. कुठल्या देशात खाडे किती, कुठल्या धंद्यात किती. दोस्तांनो, या आकड्यांना जरा हात घालू.

नॉर्वेत आजारपणाचे खाडे युरोपात वरच्या पट्टीतले. तिथली माणसं काय जास्त रोगट? नाही. तिथं आजारपणात पहिल्या दिवसापासून पगार चालू, वर्षभरापर्यंत. अमेरिकेत आजारपणाची पगारी रजा देणारा देशव्यापी कायदाच नाही. १९९३च्या कायद्यानं १२ आठवडे मिळतात ते बिनपगारी, तेही सगळ्यांना नाही. मग माणूस ताप अंगावर काढतो आणि मस्टर साफ दिसतं. जर्मनीत १९९६ साली आजारपणाचा पगार १०० वरून ८० टक्क्यांवर आणला. खाडे घटले. रोग काय कायदा वाचून पळाले? कामगार संपावर उतरले, १९९८ मध्ये सरकार पडलं, १९९९ पासून पगार पुन्हा पूर्ण.

धंद्याचंही तेच. ब्रिटनच्या सरकारी आकड्यांत आजारी-म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्यांचे खाडे जास्त, मॅनेजरांचे कमी. मॅनेजर सर्दी घेऊन खुर्चीत बसू शकतो. माणसं उचलणाऱ्याची कंबर गेली तर तो काय उचलणार?

आणि आपण? मी गोदीत ठेकेदाराकडं हमाली करतो. माझा खाडा कुठल्याच आकड्यात नाही. नाही गेलो तर मुकादम दुसऱ्याला हाक मारतो, त्या दिवसाची मजुरी बुडाली, विषय संपला. आपल्या वस्तीतला कंत्राटी सफाईवाला गटारात उतरतो, त्याचंही हेच. गैरहजर राहायला आधी मस्टरवर नाव लागतं.

महारकीत वतनदार माणूस हजर नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्याला कामाला जुंपत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात हे मांडलं. म्हणजे सरकारच्या हिशेबी खाडा शून्य! बाप तापानं फणफणलेला, पोरगं साहेबाचं टपाल घेऊन पळतंय, तरी शून्य. आमच्या बापजाद्यांएवढी चोख हजेरी जगात कुणाची नसेल, आणि कामचोर ही शिवीही त्यांच्याच वाट्याला.

तेव्हा कुणी कमी खाड्यांचं कौतुक सांगायला लागला तर त्याला एकच विचारा: आजारी पडल्यावर घरी चूल कशावर पेटते? उत्तर नसेल तर तो आकडा तब्येतीचा नाही, भीतीचा आहे.

आम्हाला मस्टरवर नाव पाहिजे. पगारी आजारपण पाहिजे. मग आमचे खाडे खुशाल मोजा.